मशीन बाई असते म्हणे!

"मामा, जर्मनमध्ये मशीन बाई असते. डी माशीने."

लेथवर वाकलेल्या मामांनी मान वर न करता विचारलं, "बरं. मग तू गेल्यावर तिला सांभाळणार कोण?"

मळ्यातल्या मोटारीचा शाफ्ट घेऊन सकाळी अंबडला मामांच्या वर्कशॉपात गेलो होतो. मामा 64 वर्षांचे, भाचा आयटीआय झालेला टर्नर. मशीनच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं, 'डेर, डी, डास', म्हणजे जर्मनमध्ये नाम पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसक ते सांगणारे शब्द. त्याच्याच खाली माझ्या शाफ्टचं माप, तेलकट बोटानं अर्धवट पुसलेलं. माझी नजर तिथंच अडकली.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे एक अख्खी पिढी निवृत्त होतेय आणि मागून येणारी पोरं कमी. भाच्यानं जावंच. त्याच्या वयाचा असतो तर मीही गेलो असतो.

पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 निघाला. लोकसंख्या टिकायला साधारण 2.1 लागतो. म्हणजे 'तरुणांचा देश' म्हणून मिरवताना पाळणे इथंही कमी झालेत. आणि आहेत त्या पोरांतली किती लेथला हात लावतात? मामांच्या शेजारचं दुसरं मशीन ताडपत्री पांघरून होतं. मी विचारलं नाही.

निघताना मामांनी बजावलं, "ग्रीस वेळेवर भरा, पाच-सहा वर्षं बघायला नको."

आणि त्यानंतर झिजला तर कुणाकडे न्यायचा?