रोल भरताना डावीकडची चकती बघा

मागच्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, अक्षता सोहळ्यासाठी (यात्रेतलं प्रतीकात्मक लग्न) पेंटॅक्स के १००० हा रोलचा कॅमेरा घेऊन गेलो होतो. सकाळपासून संमती कट्ट्याजवळ जागा धरून उभा, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, वर डुलणारे नंदीध्वज म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या, आणि मी एकेक फोटो जपून काढतोय. रोल ३६ फोटोंचा, आकडा ३६ वर गेला, मग पुढे गेला, तरी रोल सरकवायचा लिव्हर आपला फिरतोय. पोटात गोळाच आला. रोलची पट्टी स्पूलमध्ये, म्हणजे ती गुंडाळली जाते त्या रिळात, अडकलीच नव्हती, म्हणजे दिवसभरात एकही फोटो निघाला नव्हता!

तेव्हापासून रोल भरला की आधी सैल भाग गुंडाळून ताणून घेतो आणि लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची (रोल परत गुंडाळायची) चकती बघतो, ती फिरली तरच रोल पुढे सरकतोय.

खरा नाद लावला तो आजोबांच्या आगफा क्लिक थ्रीनं. बडोद्यात बनलेला, १२० चा रोल, चौकोनी १२ फोटो, मागच्या लाल काचेत पुढचा आकडा दिसेपर्यंत फिरवत राहायचं. पेटीत सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवला होता, लेन्सवर बुरशीचा एक ठिपका नाही. आपली कोरडी हवा याबाबतीत फार चांगली, कोकणातून आलेले कॅमेरे बघा म्हणजे कळेल.

उन्हाळा मात्र रोलचा वैरी. माझे रोल फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात असतात, बाहेर काढले की तास-दीड तास तसेच ठेवायचे, लगेच उघडले तर आत दव धरतं. ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच धुतो. डेव्हलपरला, म्हणजे रोल धुवायच्या रसायनाला, पाणी लागतं २० डिग्रीचं आणि मे महिन्यात आमच्या टाकीतलं पाणी हाताला गरम लागतं, मग बादलीत बर्फ टाकून त्यात डेव्हलपरची बाटली उभी करायची, थर्मामीटर धरून बसायचं. त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यामुळे पाणी आलं त्याच दिवशी रोल धुवायचा हे घरात ठरलेलं आहे, आईसुद्धा आता आधी विचारते, "आज रोल आहे का रे?"

येत्या गड्ड्याला दोन्ही कॅमेरे नेणार आहे. क्लिकमधल्या १२ पैकी सात फोटो सात नंदीध्वजांसाठी राखून ठेवलेत.