पंख्याचं विमान आणि माझी कॅमेरा बॅग

भूजची ट्रिप ठरली की आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न असतो कच्छमधल्या फुलाय गावात हायपोकोलियस हा पाहुणा पक्षी आला का, आणि लगेच दुसरा, मोठी लेन्स विमानातून कशी नेऊ. पहिल्याचं उत्तर दरवर्षी वेगळं असतं. दुसऱ्याचं उत्तर मी इतक्या वेळा फोनवर सांगितलंय की आता एकदाच नीट लिहून ठेवते.

मोठ्या विमानात फार प्रॉब्लेम येत नाही. एअरबसमध्ये ७ किलोची बॅगपॅक वरच्या कप्प्यात आरामात बसते. पण मुंबई-भूज, मुंबई-जळगाव किंवा ईशान्येतल्या छोट्या गावांच्या रूटवर बऱ्याचदा एटीआर ७२ असतं, ज्याला आमच्याकडे सगळे पंख्याचं विमान म्हणतात, आणि तिथे हिशोबच बदलतो. सीट सत्तरच्या आसपास, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. केबिनची रुंदी साधारण अडीच मीटर, एअरबस ए३२० मध्ये ती ३.७ मीटर असते. म्हणजे वरचे कप्पेही तेवढेच आखूड, चाकांची बॅग बऱ्याचदा त्यात जातच नाही. वेबसाइटवर ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर असं माप लिहिलेलं असतं, ते वाचून आपण निर्धास्त असतो आणि मग शिडीशी उभा असलेला माणूस हात पुढे करतो. "मॅडम, ये बैग अंदर नहीं जाएगा."

२०१८ साली ईशान्येतल्या एका ट्रिपला मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं आणि गप्प बॅग दिली. का दिली, तर मागे लाइन होती, ऊन होतं, पंखा सुरू व्हायची वेळ झाली होती आणि समोरचा माणूस अगदी नीट बोलत होता. बॅगेत निकॉनचा डी५०० कॅमेरा आणि त्यालाच लावलेली २००-५०० लेन्स, तशीच जोडलेली, कारण उतरल्या उतरल्या वाटेत काही दिसलं तर पटकन काढता यावं म्हणून. ती लेन्स एकटी २३०० ग्रॅमची. तीन वर्षं पैसे साठवून घेतली होती. पुढे बॅग कुठे आपटली, कोणी टाकली, तिच्यावर काय ठेवलं मला माहीत नाही आणि त्या कंपनीशी नंतर झालेला पत्रव्यवहार इथे उगाळायचा नाहीये. पट्ट्यावरून बॅग आली तेव्हा बाहेरून धूळसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो मोठे करून बघितले तर प्रत्येक फ्रेमची उजवी बाजू मऊ, पक्षी मधे असेल तर ठीक, बाजूला असेल तर डोळा शार्प येईना. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते ते कडं, किंचित वाकला होता. कॅमेरा आणि एवढी जड लेन्स जोडलेली असताना दणका बसला की सगळा भार त्या छोट्या धातूच्या कड्यावर येतो, हे मला दुरुस्तीवाल्याने नंतर समजावलं. आठ दिवसांच्या ट्रिपमधले उरलेले सगळे दिवस मी फक्त दुर्बीण वापरली, आणि लेन्स पाच आठवडे दुरुस्तीला.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, बॅग भरतानाच असं धरून चालायचं की शिडीपाशी ती आपल्याकडून घेणारच आहेत. मग घरीच विचार करायचा की बॅग गेली तर माझ्या अंगावर, माझ्या हातात काय उरलं पाहिजे.

यासाठी सगळ्यात उपयोगी पडते ती बॅगेतली बॅग. बहुतेक कॅमेरा बॅगपॅकच्या आत जो पॅडेड कप्प्यांचा डबा असतो तो काहींमध्ये अख्खा बाहेर निघतो, त्याला वर हँडल असेल तर उत्तमच, नसेल तर चांभाराकडून पट्टा शिवून घ्या, मी तसाच घेतलाय, ऐंशी रुपयांत झाला. शिडीपाशी कोणी हात पुढे केला की मी चेन उघडते, डबा बाहेर काढते आणि उरलेली बॅग, ज्यात स्वेटर आणि खाऊ असतो, हसत देऊन टाकते. वीस सेकंद लागतात. वाद नाही, कोणाला काही समजावून सांगायचं नाही. तो डबा पुढच्या सीटखाली जातो. लेन्स कॅमेऱ्यापासून सुटी ठेवलेली असली तरच जातो हे लक्षात घ्या, माझी आताची १८०-६०० लेन्स हूड उलटा लावून साडेएकतीस सेंटीमीटरच्या आसपास आहे, ती आडवी बसते, पण कॅमेरा लावला की चाळीसच्या आसपास जाते आणि मग कुठेच बसत नाही.

आता बॅटऱ्या. हे खरंच नीट वाचा कारण इथे फक्त आपल्या पैशांचा प्रश्न नाहीये. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाहीत हे बहुतेकांना माहीत असतं. पण शिडीपाशी घेतलेली हँडबॅगसुद्धा त्या क्षणापासून खालचं सामानच होते, म्हणजे तिच्यातल्या बॅटऱ्या काढून स्वतःजवळ घ्यायलाच हव्यात, आणि २०१८ ला माझ्या बॅगेत तीन सुट्या बॅटऱ्या तशाच खाली गेल्या होत्या, मला कोणी विचारलं नाही आणि मला तेव्हा कळतही नव्हतं. केबिनमध्ये बॅटरी तापली, धूर आला तर क्रू बघतो, विझवतो. खाली सामानात कोण बघणार? त्यामुळे माझ्या बॅटऱ्या आता कायम जॅकेटच्या खिशात, प्रत्येकीला प्लास्टिकची टोपी, टोपी हरवली असेल तर टोकांवर साधी चिकटपट्टी, कारण किल्ली किंवा नाणं दोन टोकांना एकदम लागलं तरी शॉर्ट होऊ शकतं. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे आणि आपल्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या तर १६ च्या आसपास असतात, तेव्हा ती काळजी नको, फक्त मोठे व्हिडिओ लाइटवाले लोक आकडा बघून घ्या.

वजनाचं सांगते. माझा झेड८ कॅमेरा बॅटरीसकट ९१० ग्रॅम, १८०-६०० लेन्स ट्रायपॉडच्या कॉलरसकट २१४०, २४-१२० लेन्स ६३०, इथेच ३ किलो ६८० झालं. रिकामी बॅग १६००. लॅपटॉप १३००. दोन बॅटऱ्या, चार्जर, हार्ड डिस्क धरून काटा हँडबॅगेच्या सात किलोच्या मर्यादेला टेकतो आणि लॅपटॉपचा चार्जर अजून बाहेरच आहे. म्हणून बॅग घेताना ती किती भक्कम दिसते यापेक्षा रिकामी किती भरते ते विचारा, दुकानदाराला काटा आणायला लावा. तीन-साडेतीन किलोच्या चाकांच्या कॅमेरा बॅगा या प्रवासासाठी घेऊ नका, अर्धी परवानगी तर बॅगच खाते. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, आपल्याकडच्या बऱ्याच विमान कंपन्यांच्या नियमांत हँडबॅगेखेरीज जवळ ठेवता येणाऱ्या वस्तूंची यादी असते, त्यात बायकांची पर्स, ओव्हरकोट, छत्री, वाचायला पुस्तक यांच्यासोबत 'कॅमेरा किंवा दुर्बीण' असं असतं. आपल्या कंपनीच्या पानावर ते शोधा आणि स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. मी दोनदा काउंटरवर दाखवलाय, दोन्ही वेळा कॅमेरा गळ्यात घालून जाऊ दिलं. दाखवताना आवाज चढवायचा नाही, त्या काउंटरवरच्या मुलीवर विमान वेळेत सोडायचं ओझं असतं आणि छोट्या विमानात वजनाचा हिशोब हा खराच हिशोब असतो.

पण गळ्यात कॅमेरा असेल तर एक पथ्य पाळा. भूज काय, पुणे काय, ही विमानतळं हवाई दलाच्या तळाला लागून आहेत, तिथे फोटो काढायला बंदी आहे. लेन्सला टोपी लावून ठेवा आणि विमानतळावर असेपर्यंत कॅमेरा डोळ्याला लावूच नका, समोर कितीही सुंदर शिकरा बसलेला असू दे.

ट्रायपॉड कपड्यांत गुंडाळून सरळ चेक-इनमध्ये. केबिनमध्ये न्यायचा म्हटलं तर सिक्युरिटीवाले कुठे सोडतात कुठे नाही, त्यावर ट्रिप अवलंबून ठेवू नये. लेन्सला टेकू द्यायची बीनबॅग रिकामी न्या. भूजच्या बाजारात किराणा दुकानातून चार किलो चणे घ्यायचे, भरायचे, आणि परत येताना ड्रायव्हरच्या घरी द्यायचे, आमचं ठरलेलंच आहे ते.

सीटबद्दल. एटीआरमध्ये मागच्या दाराने चढतात आणि पुढे कॉकपिट आणि केबिनच्या मधे सामानाची जागा असते. पहिली रांग चुकूनही घेऊ नका, तिथे बहुतेक इमर्जन्सी एक्झिट असतो, पायाशी काही ठेवू देत नाहीत आणि तुमचा डबा वर कुठेतरी लांब जातो. पंख्याच्या रेषेतल्या रांगांमध्ये आवाज आणि थरथर सगळ्यात जास्त, म्हणून मी मागच्या बाजूची खिडकी घेते. पंख वर असल्यामुळे खालचं सगळं दिसतं, आणि दिवस स्वच्छ असला तर कच्छवर उतरताना पांढरं रण आणि भुरकी जमीन जिथे मिळते ती रेघ दिसते, त्यासाठी तरी खिडकी घ्याच.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी, शिडीपाशी घेतलेल्या बॅगा ट्रॉलीवर उघड्यावर थांबतात, रेनकव्हर आधीच चढवून द्या. 'फ्रॅजाइल'चा स्टिकर लावा हवं तर, मी लावते, पण त्यावर विसंबू नका. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीची भरपाई माणशी २०,००० रुपयांपर्यंतच असते आणि चेक-इन सामानातल्या कॅमेऱ्याची जबाबदारी बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. सिरियल नंबर घालून वेगळा विमा काढा, बिलाची झेरॉक्स घरी आणि फोटो मेलमध्ये.

आता मसाई मारा, कारण पुण्या-मुंबईकडून तिकडे जाणारे दरवर्षी वाढतायत आणि नैरोबीहून जीपचे पाच-सहा तास वाचवायला बरेच जण विमान घेतात. ते विमान नैरोबीच्या मोठ्या विमानतळावरून सुटत नाही, विल्सन एअरपोर्टवरून सुटतं, आणि बहुतेक वेळा असतं सेस्ना कॅराव्हॅन, एका इंजिनाचं, बारा-तेरा जणांचं. त्यात वरचे कप्पे नसतातच. सामान विमानाच्या पोटाखालच्या खोक्यात जातं, म्हणून बॅग मऊ हवी, कडक सूटकेस तिथे शिरत नाही. मर्यादा १५ किलो, आणि त्या पंधरात हँडबॅगसुद्धा धरलेली असते, हे आपल्या लोकांना तिथल्या काट्यावर उभं राहिल्यावर कळतं. मी गेले तेव्हा कॅमेऱ्याचं ८ आणि कपडे साडेचार असं नेलं, बाकीची सूटकेस नैरोबीच्या हॉटेलात ठेवून दिली. कॅम्पवर कपडे धुवून मिळतात, पाच दिवसांना तीन जोड पुरतात. दोन बॉडी आणि ६०० एफ४ वगैरे नेणारे लोक जास्तीची एक सीटच विकत घेतात, महाग पडतं, पण तीन-चार किलोच्या लेन्सला दुसरा सुरक्षित मार्ग मला तरी दिसत नाही.

धुळीसाठी आपण घरून प्लास्टिकच्या पिशव्या नेतो ना, त्या केनियात नेऊ नका, २८ ऑगस्ट २०१७ पासून तिथे बंदी आहे आणि दंड मोठा आहे. मी उशीचे जुने अभ्रे नेले. कॅमेरा अख्खा आत जातो, श्वास घेतो, आणि जीपमध्ये पटकन ओढून काढता येतो. इथे रणातही आता तेच वापरते.

आणि कॅराव्हॅन एकाच धावपट्टीवर थांबत नाही, एसटीसारखं दोन-तीन ठिकाणी उतरतं. पायलट स्वतः खाली येऊन सामान काढून देतो. पहिल्या थांब्यावर दुसऱ्यांच्या बॅगा निघत असतील तेव्हा खिडकीतून बघत राहा, आमच्या सोबतच्या काकांची काळी बॅग तशीच दुसऱ्या काळ्या बॅगांबरोबर खाली उतरली होती, ते ओरडले म्हणून परत चढली. माझ्या बॅगेला त्या दिवसापासून लाल खणाची पट्टी बांधलेली आहे.

जानेवारीत परत भूज आहे. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघितला, एटीआरच आहे, मागून चौथ्या रांगेतली खिडकी घेतली. डबा काल रात्री भरून पुढच्या सीटखाली बसेल का ते घरी टीपॉयखाली घालून बघितलं. बसला.