आमची वाटचाल : तक्रारीचं बटण काढलं तेव्हा

12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तोवर आम्हा दोघा मित्रांचा धंदा एवढाच, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, अडत्यांना हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करून देणं.

त्या उन्हाळ्यात पाण्याच्या तक्रारींचं ॲप करायचं डोक्यात घेतलं. तीन महिने ऑफिसात बसून केलं. नकाशा, फोटो, लाल-हिरवे ठिपके, दिसायला देखणं. औसा तालुक्यातल्या एका गावात दिलं. दोन महिन्यांत सात तक्रारी आल्या, त्यातल्या पाच आमच्याच पोरानं चाचणीसाठी टाकलेल्या!

मग गावात जाऊन बसलो. पारावर बसून झालं होतं, तिथं पुरुषच बोलतात. या वेळी टँकरच्या रांगेत बसलो. एक आजी म्हणाल्या, "तक्रार कुणाची करू बाबा? सरपंच पुतण्याच हाय माझा. टँकर कवा यायलंय तेवढं सांग."

आमच्या नकाशात नेमकं तेवढंच नव्हतं.

स्मार्टफोन पोरांच्या खिशात, बायकांकडं साधा फोन. म्हणून मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो आणि टँकर भरून निघाला का ते आवाजात सांगतो. 'तक्रार' शब्द काढून 'निरोप' ठेवला. टंचाईत टँकरचा निकष माणशी रोज 20 लिटर; बायका म्हणाल्या, लिटर नको, घागरी सांगा. त्यांच्या घागरीनं ते जेमतेम दीड घागर भरतं. तांड्यावर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, हवं होतं. तिथल्याच एका कॉलेजच्या मुलीनं आवाज दिला, आज ती आमच्याकडं नोकरीला आहे आणि माझ्या चुका माझ्यापेक्षा आधी पकडते.

धारूर तालुक्यात वेगळाच धडा मिळाला. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत सगळं ठरवू म्हणून गेलो, तर निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. आता बैठका दसऱ्याच्या आत उरकतो. निरोप देणाऱ्याचं नाव कुणाला दिसावं, हे तिथं 2 ऑक्टोबरच्या सभेत गावानंच ठरवलं: कुणालाच नाही.

पैशाचं म्हणाल तर एका कार्यालयाकडं दोन वर्षांचं बिल अडकलंय, पगार अजूनही मोंढ्यातूनच निघतात. सध्या खेपांच्या मोजणीवर काम चाललंय. कागदावर चार खेपा आणि वस्तीवर दोन, असं होतं. खेप उतरल्यावर रांगेतल्याच बाईनं फोनवर एक आकडा दाबायचा, असं ठरतंय. टँकरवाल्यांना ते पसंत नाही.