तुम्ही विचारलंत म्हणून : मराठीची बाई आणि कोंकणीची काळजी

"आयुष्यभर मराठी शिकवलंत, लिहिता मराठीत, आणि बोलायला उभ्या राहिलात की कोंकणी टिकली पाहिजे म्हणता. हे कसं?" पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक हे इतक्यांदा विचारतात की एकदा लिहूनच टाकते.

गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांत असतं तसंच आमच्याकडे आहे. बोलणं, भांडणं, मासळीवालीशी घासाघीस कोंकणीत. वर्तमानपत्र, भजन, जत्रेतलं नाटक मराठीत. बाहेरच्याला हा घोटाळा वाटतो, घरात कधी कुणाचं अडलं नाही. अडलं ते राजकारणात. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर १९६७चा जनमत कौल झाला, मग १९८७चा राजभाषा कायदा. देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, सरकारी कामकाजात मराठीलाही जागा राहिली. त्या भांडणात मीही एका बाजूला होते; कुठल्या, ते ओळखा. ते सगळं पुन्हा उगाळत नाही. मला सलतं ते वेगळंच आहे. आपण कचेरीच्या पाटीवर कुठली भाषा हवी म्हणून भांडत होतो, तेव्हा इकडे बांध खचत होते.

बांध म्हणजे खाजनाचे. माझं सासर चोडणचं, मांडवी नदीतल्या बेटावरचं. मांडवीच्या खाऱ्या पाण्यातून जमीन मिळवून तिथे भात पिकवतात. अशी खाजन जमीन गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचं सांगतात. मातीच्या बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं असलेली वाट. तिचे लाकडी दरवाजे भरतीचं पाणी बाहेरून रेटू लागलं की आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. मोटर नाही, वीज नाही. पावसाळ्याआधी खारं पाणी अडवायचं, पहिल्या पावसाने मातीतलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग कोरगुट पेरायचं. या भाताला थोडा खारेपणा सोसतो. उतारा कमी, पण खाजनात तग धरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं. त्या मासळीच्या हक्काची दरवर्षी पावणी होते, म्हणजे लिलाव, आणि पूर्वी त्या पैशांतूनही बांधाची डागडुजी निघायची.

हे सगळं शेकडो वर्षं गावकारीने, म्हणजे मूळ गावकऱ्यांच्या सामायिक संस्थेने, सांभाळलं. १५२६ साली पोर्तुगीजांनी गावकारीच्या चालीरीती फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, लिहून घेतल्या, कारण महसूल हवा तर त्या ठेवणं भाग होतं. त्याच पोर्तुगीजांनी १६८४मध्ये हुकूम काढून कोंकणी बोलायला बंदी केली. हुकमाने पुस्तकं थांबतात, शाळा थांबते. पण चिखलात उभ्या असलेल्या दहाजणांना भरती चढण्याआधी खिंडार बुजवायचं असेल, तर ते कुठल्या भाषेत ओरडणार? कोंकणी त्या काळातून वाचली ती अशा कामांमुळे, असं माझं मत आहे. यावर विद्वान माझ्याशी वाद घालतील. घालू देत.

मग आता का नाही वाचणार? कारण ते कामच सुटत चाललंय. १९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्यायाचंच झालं. बांधाची जबाबदारी कूळ संघांवर, म्हणजे कसणाऱ्या कुळांच्या संघटनांवर, आली. पण शेतात राबणारी मुलं बोटीवर, आखातात, पणजीच्या हॉटेलांत गेली. पावणी घेणाऱ्याला मासळी आणि कोळंबी हवी. तो मानशीचे दरवाजे उघडे धरून ठेवतो, खारं पाणी आत येतं, शेजारचं शेत करपतं. करपलेलं शेत दोन-चार वर्षं पडीक राहिलं की तिथे भराव टाकायला गिऱ्हाईक लागतंच. खाजन राखायचं असं किनारपट्टीच्या नियमांत लिहिलेलं आहे, पण त्याने दरवाजा मिटत नाही.

म्हणून भाषा दिनाला बोलावलं की मी ताटात मांडलेल्या सान्नां-खतखत्यावर बोलत नाही. मी पावणीच्या अटींवर बोलते. दरवाजे कधी मिटायचे ते करारात लिहा; मोडला तर अनामत जप्त करा; पावणीचा ठरलेला भाग बांधावरच खर्च करा. आमच्या संघाच्या बैठकीत चर्चा कोंकणीत होते, इतिवृत्त मराठीत लिहिलं जातं, खात्याचं पत्र इंग्रजीतून येतं. ते पत्र मोठ्याने वाचून सांगायचं काम माझ्याकडे आहे. संयोजकांचे चेहरे पडतात ते मला दिसतं.

शाळेबद्दलही विचारतात. प्राथमिक शाळांना अनुदान मिळायचं तर माध्यम कोंकणी किंवा मराठी हवं, हे धोरण १९९०च्या सुमाराचं; २०११मध्ये इंग्रजी शाळांनाही ते मिळू लागलं. माझी नात इंग्रजी शाळेत आहे. सुनेशी मी त्यावर भांडत नाही, तिला नोकरीची धास्ती आहे आणि ती खोटी नाही. एवढंच म्हणते की घरात पोरीशी इंग्रजीत बोलू नका. तेही दर वेळी जमतं असं नाही.

"मग मराठीचं काय?" हा पुढचा प्रश्न. गोव्यात मराठीचं काही बिघडत नाही. लिपी एकच. माझ्या वर्गात कोंकणी घट्ट असलेली मुलं मराठी वाचायला लवकर लागायची, कारण त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असायचं. एकाने 'माझे वडील' या विषयावर मानशीवरची रात्र लिहिली होती. शुद्धलेखनाचा आनंदच होता. पण जाळं ओहोटी लागल्याबरोबर टाकायचं की थोडं थांबून, आणि का, हे मला त्या निबंधातून कळलं. सासरी कुणी सांगितलं नव्हतं.