टिळक पुलावरचा फुटपाथ

शनिवार, रात्री

12 सप्टेंबर 2025 ला मुंबईतला, प्रभादेवी स्टेशनजवळचा एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला आणि परळची बरीचशी रहदारी आमच्या दादरच्या टिळक पुलावर येऊन पडली. एल्फिन्स्टनचा पूल 1913 चा. पाडून तिथे दुमजली पूल बांधायचा आहे, म्हणजे शिवडी-वरळी मार्ग वरच्या मजल्यावरून अटल सेतूकडे नेता येईल. आमचा टिळक पूल 1925 चा. शंभरी गाठलेल्या हमालाच्या पाठीवर शेजाऱ्याचीही गोणी चढवावी, तसं झालं आहे.

सकाळी खोदादाद सर्कलकडून प्लाझाकडे चालत निघाले. चढावर एक हातगाडी होती, पत्र्याच्या पेट्या दोरीने करकचून बांधलेल्या. पुढचा माणूस गाडी सरळ नेत नव्हता. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे असं करत चढ तोडत होता. मागून एक पोरगा डोकं खाली घालून रेटा देत होता. त्यांच्या मागे बेस्टची बस, बसच्या मागे टॅक्स्या. हॉर्न चालूच. बसच्या ड्रायव्हरने मात्र एकदाही हॉर्न दिला नाही. चढ संपेपर्यंत तो पहिल्या गिअरमध्ये त्या गाडीमागे शांतपणे राहिला. उतार लागला तशी दोघांची कामं बदलली: आता मागचा गाडी ओढून धरत होता आणि पुढचा अंग मागे टाकून, टाचा रोवून तिला आवरत होता. वजन चढवताना लागते तशी ताकद ते उतरवतानाही लागत असावी.

मी हे सगळं फुटपाथवरून पाहत होते, तेही अंग चोरून. समोरून फुलांची पाटी घेतलेला माणूस "बाजू, बाजू" करत आला, पाटीतून झेंडूचं पाणी टपकत होतं. त्याच्या मागे शाळेची मुलं, त्यांच्या मागे काठी टेकत एक आजोबा. आजोबांना वाट द्यायची तर कुणीतरी रस्त्यावर उतरायलाच हवं, आणि रस्त्यावर तर चाकं. शेवटी मीच उतरले.

पूल म्हटलं की गाड्यांचाच विचार होतो. बंद झाला की सूचना निघते: अमुक गाड्यांनी तमुक मार्गाने जावं. गाडीला वळसा म्हणजे थोडं जास्तीचं पेट्रोल आणि बराच वैताग. केईएम, टाटा किंवा वाडियाला निघालेल्या, प्रभादेवी स्टेशनवर उतरलेल्या पेशंटला मात्र रूळ ओलांडायला आता पायऱ्या आहेत. हातात फाइल, दुसऱ्या हाताला धरलेली आई. टॅक्सी करावी तर तीच टॅक्सी लांबून फिरून येते. (दादर-परळात रिक्षा मिळत नाही, ती शीव-माहीमलाच थांबते.) गाड्यांच्या वळशांच्या हिशेबात हे लोक येत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि माणसांचं वजन पुलाला कळत नाही असंही नाही. गणपतीत महापालिका जुन्या पुलांची यादी काढते, तीत टिळक पूलही असतो: पुलावर नाचू नका, थांबू नका, गर्दी करू नका. म्हणजे धोक्याच्या हिशेबात माणसं आहेत, फक्त रुंदीच्या हिशेबात नाहीत. 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या लोकांचे जथे या पुलावरून जातात. लहान मूल कडेवर, डोक्यावर गाठोडं. त्या दिवशी पूल कुणाचा आहे हे विचारावं लागत नाही.

शेजारी नवा केबलचा पूल उभा राहतो आहे. तो व्हायलाच हवा. जुन्याला विसावा द्यायलाच हवा. पण त्याच्या फुटपाथवरून समोरासमोर आलेली दोन माणसं, त्यातल्या एकाच्या डोक्यावर पाटी, धक्का न लागता गेली पाहिजेत. खाली स्टेशनकडे उतरणारा जिना आजोबांच्या गुडघ्यांना झेपेल इतका सोपा हवा. हातगाडीला चढ किती पडणार हेही आधी बघायला हवं, कारण दादरच्या बाजाराचा माल आजही त्याच चाकांवर फिरतो.

सोमवारी वॉर्ड ऑफिसात जाऊन लेखी विचारणार आहे: फुटपाथ किती फुटांचा, जिने कुठे, आणि नवा पूल होईपर्यंत या जुन्यावर चालणाऱ्यांसाठी काय. शेजारच्या वहिनीही सही करते म्हणाल्या आहेत. अर्ज उद्याच लिहून ठेवते.