एव्हबरी : दगडांच्या वर्तुळात वसलेले गाव

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडमधल्या स्विंडनला राहत असताना एव्हबरीला तीनदा जाऊन आले. विल्टशर परगण्यातले हे गाव म्हणजे इंग्रजांच्या भाषेत एक पॅरिश. चर्चचा जुना परिसर आणि आपल्या ग्रामपंचायतीसारखा सर्वांत खालचा प्रशासकीय घटक, असे दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. स्विंडनहून ४९ क्रमांकाची बस थेट या गावात येते आणि जिथे उतरवते, ती जागा सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभारलेल्या दगडी वर्तुळाच्या आतच आहे.

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाची ओढ असल्यामुळे शिलावर्तुळे मला अगदीच नवी नव्हती. पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांनी नागपूरजवळ माहुरझरीला उत्खनन केले, तेव्हा तेथील वर्तुळांखाली दफने, लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे तांब्याचे अलंकार सापडले होते. ती वर्तुळे लोहयुगातली. एव्हबरीचे वर्तुळ त्यांहून बरेच जुने असून बाहेरच्या कड्याचा व्यास सुमारे ३३० मीटर आहे, आणि भोवतीचा खंदक मूळचा नऊ मीटरपर्यंत खोल होता. तो हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी खणला, हे ऐकून मी खंदकाच्या काठावर बराच वेळ उभी राहिले. तिकीट नाही, दगडांभोवती कुंपण नाही. जवळ जाऊन हात लावता येतो. एका उंच दगडाच्या भेगेत मेंढीच्या लोकरीचा झुबका अडकला होता, कारण आजही तेथे मेंढ्या चरतात आणि त्याच दगडांना अंग घासतात.

मात्र या गावाने आपले दगड नेहमीच जपले असे नाही. चौदाव्या शतकात कित्येक दगड पाडून पुरले गेले. अठराव्या शतकात ते पेटत्या गवतावर तापवून, वर गार पाणी ओतून, घणाने फोडले आणि घरांच्या भिंतींना वापरले; प्राचीन अवशेषांचे अभ्यासक विल्यम स्ट्यूकली यांनी हे पाहिले आणि त्याची चित्रे व नोंदी करून ठेवल्या, म्हणून आपल्याला ते कळते. पुढे १९३० च्या दशकात मुरंब्याच्या उद्योगातून श्रीमंत झालेल्या घराण्यातले अलेक्झांडर केलर यांनी जमीन विकत घेऊन पुरलेले दगड उकरून पुन्हा उभे केले आणि हरवलेल्यांच्या जागी सिमेंटचे खुंट बसवले. १९३८ मध्ये एका दगडाखाली माणसाचा सांगाडा मिळाला. त्याच्यापाशी कात्री आणि चौदाव्या शतकातली चांदीची नाणी होती. केलर यांचे ऋण मोठे आहे, परंतु वर्तुळ मोकळे करण्यासाठी आतील काही घरे पाडली गेली आणि रहिवासी बाहेर हलवले गेले, हे मला आजही मनापासून पटत नाही.

गावातल्या सोयी साध्या आहेत : गावकऱ्यांनी मिळून चालवलेले दुकान, एक पब, गवताने शाकारलेल्या सतराव्या शतकातल्या कोठारातले संग्रहालय, स्वच्छतागृह. सेंट जेम्स चर्च अकराव्या शतकातल्या नॉर्मन आक्रमणाच्याही आधीचे आहे आणि त्याच्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर बिशप व सर्पाकृती कोरलेल्या आहेत. पण सर्वांत मोलाची सोय मला पायवाटांची वाटली. खाजगी शेतातून जाणाऱ्या वाटेवरही लोकांचा चालण्याचा कायदेशीर हक्क असतो; एका वेळी एकच माणूस जाईल असे लाकडी फाटक ढकलायचे आणि गव्हाच्या कडेने चालू लागायचे. याच वाटांनी मी सिल्बरी टेकडीपर्यंत गेले. तीस-चाळीस मीटर उंचीची ही टेकडी माणसांनी रचलेली आहे आणि झीज होऊ नये म्हणून तिच्यावर चढण्यास मनाई आहे. पलीकडे वेस्ट केनेटची शंभर मीटर लांबीची दफनभूमी आहे, तिच्या दगडी दालनांत मात्र वाकून आत जाता येते. आत इतका गारवा होता की जूनमध्ये शाल अंगावर घ्यावी लागली.

परतीच्या बसला वेळ होता. दुकानातून पाव घेऊन मी थांब्यापाशी उभी राहिले. समोरच्या घराच्या भिंतीत तांबड्या विटांच्या मधोमध करड्या दगडाचे ओबडधोबड तुकडे बसवलेले होते, आणि त्यांच्यावरच्या खिडकीत कोणीतरी धुतलेले कप उपडे घालून वाळत ठेवले होते.