सायकलच्या चेनला तेल की मेण? उन्हाळ्यापुरतं तरी माझं ठरलंय

मागच्या रविवारी गोरेवाड्याकडून राईड मारून आलो, चेनवर बोट फिरवलं तर काळा चिकट लगदा हाताला आला, आणि चिमटीत चोळून पाहिला तर बारीक रेती किरकिरत होती. चार दिवसांपूर्वीच तर तेल टाकलं होतं! आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीत जो फुफाटा उडतो ना, तो सगळा ओल्या तेलावर येऊन बसतो आणि मग ते तेल राहतच नाही, पॉलिश पेपर होतो.

चेन झिजते ती आतून, पिन आणि आतली प्लेट जिथे घासतात तिथे, म्हणून बाहेरून चोपडलेलं तेल नुसती धूळ धरतं. आमच्या गल्लीतले काका गाडीचं जळकं ऑइल ओततात, मी हात जोडून सांगतो, काका नको.

म्हणून आता मेण. इतवारीतून अर्धा किलो पॅराफिन आणलं. आधी चेन टर्पेंटाइनमध्ये खळबळून काढली, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत म्हणतात तसं टर्पेंटाइन स्वच्छ दिसेपर्यंत, कारण चेनवर जुनं तेल असतं, नवी असेल तर कंपनीचं ग्रीस, आणि त्यावर मेण धरतच नाही, शेवटी एकदा स्पिरिटमध्ये. मग स्टीलच्या डब्यात मेण आणि डबा गरम पाण्याच्या पातेल्यात, थेट गॅसवर अजिबात ठेवू नका, मेण पेटतं. तारेला अडकवून चेन सोडली की बुडबुडे येतात, ती आतली हवा, ते थांबेपर्यंत धीर धरायचा. गार झाल्यावर चेन काठीसारखी कडक होते, मग एकेक कडी वाकवून मोकळी करायची, कट-कट आवाज येतो, मला तो फार आवडतो. क्विक लिंक (चेन उघडता येते ती जोडकडी) असेल तर काढ-घाल सोपी.

आता बोट फिरवलं तर कोरडं. मला साधारण अडीचशे किलोमीटर पुरतं, मग कुरकुर ऐकू यायला लागते.

पावसाळ्यात मात्र हे चालत नाही, भिजून आलं की दुसऱ्या दिवशी गंज. तेव्हा वेट ल्यूब, म्हणजे पावसात टिकणारं चेनचं तेल, रोलरवर एकेक थेंब, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढायचं. हे पुसणंच लोक विसरतात.

आणि घरात स्टीलची पट्टी असेल तर आजच मोजा, पिनच्या मध्यापासून २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. अर्धा सूत (१/१६ इंच) जास्त भरलं तर तेल-मेण राहू द्या, चेन बदला, नाहीतर मागचा कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चक्रं, पण जाईल. माझी आत्ता अर्धा सूत भरतेय, म्हणजे बदलायलाच आलीय.